झाकणावरचा हात

लिंबायत वस्तीत टीव्हीदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या धर्मेंद्रला सगळे टीव्हीचा डॉक्टर म्हणत, आणि ते ऐकून त्याची मान जरा जास्तच ताठ व्हायची. घरातल्या दुखण्यापुढे मात्र डॉक्टरांची मात्रा चालेना. त्याचे वडील, सुकलाल आबा, यंत्रमागाच्या कारखान्यात, म्हणजे खात्यात, सांचा चालवत; आता त्यांना अर्धांगवायू झाला होता. उजवा हात हलायचा, पण बेलचं बटण दाबण्याइतका जोर त्यात नव्हता आणि आवाज तर दारापर्यंतही पोचत नव्हता. माय, उषाबाई, खालच्या खोलीत साड्यांना टिकल्या लावत बसायची. आबांना तहान लागली तरी कुणी वर येईपर्यंत ते निमूट पडून राहत. धर्मेंद्रचा जीव त्यानं तुटायचा.

मग त्यानं नुसत्या स्पर्शानं वाजणारी घंटी बनवली. बिस्किटाच्या डब्याच्या झाकणाला प्लास्टिक चिकटवलं आणि त्याची वायर मायक्रोकंट्रोलरला जोडली. चालू होताच ही चिप रिकाम्या झाकणाचं विजेचं माप घ्यायची. पुढे हात टेकला की माप वाढायचं आणि खाली घंटी वाजायची. दुकानात ती शंभरदा वाजली.

घरी उषाबाईनं झाकणाला हळदकुंकू लावलं. घंटी चालू करायला धर्मेंद्रनं भिंतीवरचं बटण दाबलं. आबांनी हात टेकला. घंटी गप्प.

बंद करून पुन्हा चालू करणं हा टीव्हीवाल्यांचा रामबाण उपाय. धर्मेंद्रनं तो केला, स्वतः बोट लावलं, घंटी खणखणली. आबांसाठी पुन्हा नव्यानं चालू केली. आबांनी हात टेकला. पुन्हा गप्प.

“मना हात मरी गया रे,” आबा पुटपुटले आणि भिंतीकडे वळले.

धर्मेंद्र सुख द्यायला गेला आणि बापाच्या तोंडून हे वदवून बसला. जिन्यात बसलेल्या पोराजवळ उषाबाई आली.

“हात कसा मरेल? सकाळी माझा पदर धरून ओढला त्यांनी,” ती म्हणाली. “आत्ताही तू बटण दाबायच्या आधीच झाकणाच्या पाया पडत होते. खात्यात नाही का, सांचा सुरू करायच्या आधी त्यावर हात ठेवून उभे राहायचे?”

धर्मेंद्रनं कपाळावर हात मारला. आबांचा हात आधीपासूनच झाकणावर होता, म्हणजे चिपनं हातासकटचं माप रिकाम्याचं म्हणून धरलं होतं. नंतर हात टेकला तरी तिच्या लेखी नवीन काहीच घडत नव्हतं.

“मग त्यांना सांगू, आधी हात लावू नका.”

“जन्मभर सांच्याच्या पाया पडलेला माणूस तुझ्या चिपसाठी सोडेल होय? तुझ्या चिपलाच शिकव.”

दुकानात जाऊन त्यानं प्रोग्राम बदलला. आता हात उचलल्यावर माप खाली आलं, की चिप तेच रिकाम्याचं म्हणून धरणार होती.

संध्याकाळी आबांनी झाकणावर हात ठेवला, डोळे मिटले. धर्मेंद्रनं बटण दाबलं. आबांनी हात कपाळाला लावला आणि पुन्हा टेकवला.

खाली घंटी वाजली. मांडीवरची साडी तशीच टाकून उषाबाई धापा टाकत वर आली.

“काय जोयजे? पानी?”

“काही नही,” आबा म्हणाले. “तुले बलावनं व्हतं.”

धर्मेंद्रला इतका आनंद झाला, की डोळे पुसताना त्याला लाजही वाटली नाही. उषाबाईनं नवऱ्याला चार शब्द सुनावले आणि ती खाली गेली. सुई हातात घेते न घेते, तोच घंटी पुन्हा वाजली. तोंडानं बडबडत आणि गालात हसत ती जिना चढू लागली.