टाळीपर्यंत झाड

मावशीचा कुत्रा इतका म्हातारा, की पार्सलवाले त्याला आजोबा म्हणत. शाळेतली पोरं असोत नाहीतर गोदामातले कामगार, कुत्र्यापासून जीव कसा वाचवायचा हे शिकवताना मावशी त्यालाच पुढे करायची. "झाड!" म्हटलं की हात अंगाला, नजर जमिनीवर, हूं की चूं नाही. "दगड!" म्हटलं की जमिनीवर गोळा व्हायचं, गुडघे पोटाशी, मान हातांखाली. आणि मावशीने टाळी वाजवली की सुटका. मग पोरं धावत जाऊन आजोबांच्या गळ्यात पडायची. या सगळ्यात तिची सात वर्षांची भाची पटाईत. टाळी होईपर्यंत पोरगी पापणीही हलवायची नाही.

त्या दुपारी गोदामाच्या अंगणात धडा रंगात आला होता. तेवढ्यात शेजारच्या भंगारवाल्याच्या राखणदार कुत्र्याने साखळी तोडली आणि भिंतीवरून थेट आजोबांच्या नरड्यावर झेप घेतली. म्हाताऱ्याला केकाटायलाही वेळ मिळाला नाही. एका हिसड्यात मान मोडली, फरशी लाल झाली. कामगारांनी धूम ठोकली. इतकं घसा फोडून शिकवलेलं सगळं मुसळ केरात!

अंगणाच्या मधोमध उरली एकटी भाची. झाड झालेली. कुत्रा रक्ताचं तोंड चाटत तिच्याजवळ आला, फ्रॉक हुंगला, गुरगुरला. ती हलली नाही. मग त्याने कंटाळून तोंड फिरवलं. अजून क्षणभर गेला असता तर तो निघूनही गेला असता.

पण मावशीला तेवढा धीर धरवला नाही. कुत्र्याचं लक्ष आपल्याकडे वळावं म्हणून तिने जोरात टाळी वाजवली.

आणि पोरगी धावली.

कुत्र्याने तिला मांडीला धरून खाली पाडलं आणि फडकं झटकावं तसं झटकलं. "दगड! दगड हो!" मावशी जिवाच्या आकांताने ओरडत धावली. पोरगी गोळा झाली. जबडा मांडी सोडून मानेकडे वळला. अशा वेळी खांद्यावरची पार्सलची पिशवी कुत्र्याच्या तोंडात द्या, हात देऊ नका, हे मावशीनेच कामगारांना शंभरदा बजावलं होतं. पिशवी कुठे पडली होती कोण जाणे. तिने हात दिला.

बोटांची हाडं कडकड मोडली. कामगारांबरोबर पळालेला पार्सलच्या गाडीचा ड्रायव्हर पहार घेऊन परत आला आणि शिव्या घालत त्याने कुत्र्याच्या डोक्यात घाव घातले. कवटी फुटली तरी जबडा सुटेना. शेवटी तो पहारीनेच उचकटावा लागला.

पोरगी अजून दगडच होती. तिच्याखाली रक्ताचं थारोळं वाढत होतं.

"बाळा, पाय सोड, मेला तो!" ड्रायव्हर जखमेवर बांधायला कमरेचा पट्टा काढत म्हणाला. ती आणखीच आवळली. "मावशी, ऐकत नाही ही! पाय बांधू कसा? टाळी वाजवा ना!"

मावशीला त्या टाळीची शिसारी आली. तरी तिने धडका तळवा फाटक्या पंजावर आपटला. कळ मस्तकात गेली, रक्त तोंडावर उडालं.

पोरीने एक डोळा उघडला. "मघाची टाळी खोटी होती का गं, मावशी?"

"हो गं सोन्या, खोटी होती," मावशी हमसून रडत म्हणाली. "ही खरी. आता पाय सोड."