बाजेला बांधलेले फुगे

माझ्या लेकानं, उत्कर्षनं, त्याच्या पोरीच्या, गौरीच्या, वाढदिवसाला ते चमकीचे फुगे आणले, तेच मला खटकलं. गॅसचे फुगे ते, वरनं धातूची चमकी, हातातनं सुटले की सरळ आभाळात. अन् आमच्या कळंबच्या घराच्या अंगणावरूनच लाइटीच्या तारा गेलेल्या. मागल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत असलाच एक फुगा तारंत अडकला, जाळ उडाला अन् सगळी गल्ली रातभर अंधारात.

त्यांचं भागलं. आमच्या घरात सासूबाई ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या. चुलीच्या धुरानं छाती खाल्ली होती त्यांची. इन्व्हर्टरवर ती मशीन चालत नव्हती, अन् जादाचं सिलिंडर धाराशिवला भरायला गेलेलं. नळी काढली तर घटकाभर बी निभायचं न्हाय, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

म्या उत्कर्षला म्हटलं, फोडून टाक. तो म्हणला, आई, तुझी आपली नेहमीचीच किटकिट. सुनंनं बी तोंड वाकडं केलं. म्हटलं बरं बाबा, राहू द्या, पण घराबाहेर एक बी जाता कामा न्हाय. सगळे दोरे गोळा केले अन् आत्याबाईंच्या, म्हंजी सासूबाईंच्या, बाजेला गाठी मारल्या. राखणीला बी त्यास्नीच बसवलं. ज्याच्या जिवावर बेततंय तो डोळ्यात तेल घालून बघंल, असं माझं गणित. लई शहाणी मी.

दिवेलागणीला पावणे आले. केक कापायच्या आधीच गौरीनं भोकाड पसरलं, फुगा पाहिजे म्हणून. म्या दटावलं अन् चहा टाकायला गेले. वारं सुटलं होतं, दार आपटत होतं. जरा वेळानं पोरीचं रडं थांबलं. इतकं एकदम थांबलं की मला भ्याच वाटलं.

धावत बाहेर आले. गौरी अंगणात मान वर करून टाळ्या वाजवत होती. फुगा हेलकावत गेला अन् दोन तारांच्या मधी आडवा झाला. धडाड् आवाज झाला. गल्लीतली लाइट गेली. घरात मशीनची शिट्टी वाजली अन् ती बंद पडली.

उत्कर्ष कुणाकडं तरी सिलिंडर मिळतंय का बघायला फटफटीवर पळाला. म्या बाजेपाशी आले तर एक गाठ सुटलेली.

"आत्याबाई, कुणी सोडली ही?" राग गिळवंना मला.

त्यांनी माझा हात धरला. बोटं गार पडली होती.

"म्याच. लेकरू रडत होतं गं, द्वारके." मग लई वेळ नुसता श्वास ओढत राहिल्या. "पोरीला सांगू नको, लाइट कशानं गेली ते."

बाहेर गौरी विचारत होती, पणजी दुसरा फुगा कधी सोडणार.