उंचीची गोळी

बटण म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी दोन डब्या आण. पाऊणला पण चालू केल्यात मी."

टेलरबाईंच्या काळजात धस्स झालं. पण थांबा. आधी डबीचं सांगायला हवं.

टायरच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे गल्लीतल्या काही बायका जमतात, औषधाच्या डब्यांवरची लेबलं ओल्या फडक्याने खरवडून काढतात, खुळखुळ वाजू नये म्हणून आत कापूस कोंबतात आणि एचआयव्ही असलेल्या पोरांच्या घरी त्या डब्या नेऊन देतात. लहान पोरांना आजाराचं नाव माहीत नसतं. त्यांना एकेक कारण दिलेलं असतं. कुणाची गोळी नजरेची, कुणाची हाडांची. ही कारणं बेतण्याचं काम टेलरबाईंकडे. ज्याच्या त्याच्या मापाचं खोटं, मोठेपणी उसवता यावं म्हणून आत थोडी माया सोडलेलं. बटण आठ वर्षांची, वयाच्या मानाने एवढीशी. तिची गोळी उंचीची.

आणि पाऊण हा तिच्या वर्गातला सगळ्यात बुटका मुलगा.

हां. आता धस्स.

"कधी दिलीस?"

"आज सकाळी. पाण्याशिवाय गिळली त्याने. शूर आहे तो."

हे बोलणं चाललं होतं मागच्या खोलीत. मधे पडदा, पुढे सलून. आईबाप गेल्यापासून बटण मामाकडे असते आणि मामा न्हावी आहे. आता तुम्हीच जुळवा: वस्तरा, गिऱ्हाइकाचा गळा आणि घरात हा आजार असलेलं पोर. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे डॉक्टरांना ठाऊक. गल्लीला कोण पटवणार? कळलं तर त्या खुर्चीत माशीसुद्धा बसायची नाही.

टेलरबाईंनी पडदा बोटभर सरकवला. खुर्चीत, गालभर फेस, डोळे मिटलेले. पाऊणचा बाप. वायरमन.

त्यांनी कोपऱ्यात तोंड खुपसून डॉक्टरांना फोन लावला.

"एका गोळीने बहुतेक काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण एखाद्याला पुरळ उठतं, ताप चढतो. त्याला दुसरं काही औषध चालू आहे का, तेही बघायला हवं. आजच आणा."

"आम्ही लक्ष ठेवू की त्याच्यावर."

"तुम्ही त्याची आई आहात का?"

"नाही."

"मग घरच्यांना सांगा. आणि गोळी कुठली, तेही सांगा. ताप आला आणि ते दुसऱ्याच दवाखान्यात गेले, तर तिथे काय सांगतील?"

गरम पाणी घ्यायला मामा आत आला. बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"सांगू नका, बाई."

"पोराला काही झालं तर?"

"होणार नाही म्हणाले ना."

"बहुतेक म्हणाले."

"मी पाया पडतो तुमच्या. हिला घेऊन कुठे जाऊ मी?"

बाहेरून हाक आली, "अहो, फेस वाळला. भिंत रंगवताय की दाढी?"

मामा गेला. बाई पडद्यामागे उभ्या राहून वाक्यं बेतू लागल्या.

तुमच्या मुलाने चुकून व्हिटॅमिनची…
नको. व्हिटॅमिनसाठी कुणी दवाखाना गाठत नाही.

माझी झोपेची गोळी…
नको. दवाखान्यात गोळीचं नाव वेगळंच निघेल.

तुमच्या मुलाला आमच्या बटणने…

हे वाक्य जिभेवर येईना. बटण खाली बसून चपलेचा बंद लावत होती आणि गुणगुणत होती.

बाईंच्या खांद्याला पिशवी. पिशवीच्या तळाला अजून एक डबी, तिच्यातही कापूस. ती कुणाला पोचवायची नव्हती. नवऱ्यामागे राहिलेली ती एकच गोष्ट. टायरवरच्या खोलीतल्या बायका सोडल्या तर गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. गल्लीला एवढंच माहीत, की बिचारी एकटी आहे, हात चांगला आहे, ब्लाउज अंगाला बसतो.

पडदा सरकला.

"वायरमनदादा, जरा उठता का?"

"अर्धीच झालीय, ताई. अर्धा नवरा घरी कोण घेईल?"

"तुमच्या पोराने सकाळी एक गोळी गिळलीय. माझी. मला एचआयव्ही आहे, त्याची. पिशवी इथे उघडी राहिली, पोरं खेळत होती. बहुतेक काही होणार नाही, पण डॉक्टर आजच आणा म्हणालेत. मी फोन केलाय."

मामाचा वस्तरा हवेतच राहिला. त्यालाही आजच कळत होतं.

वायरमनने टॉवेलने फेस पुसला. बाईंच्या हातांकडे बघितलं.

"आमच्या हिचे ब्लाउज तुम्हीच शिवता."

"हो."

दवाखान्याचं नाव विचारून तो गेला.

मग वाट बघणं आलं. मामाने वस्तरा धुतला, पुसला, पुन्हा धुतला. एक गिऱ्हाईक डोकावलं, "आत्ता नाही" म्हटल्यावर गेलं. रस्त्यावर गाडी थांबली की दोघं दाराकडे बघत. गाडी दुसऱ्याचीच निघे.

"बटण," बाईंनी एकदम विचारलं, "गोळी देताना तू त्याला काय सांगितलंस?"

"उंचीची आहे म्हणून. मी रोज घेते म्हणून."

बाई बाकावर बसल्या. आयुष्यभराचं झाकलेलं उघडं केलं, आणि इकडे पाऊणला तोंड होतं.

संध्याकाळी बापलेक आले. बापाचा एक गाल तुळतुळीत, एक खुंटांचा. पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा.

"ठीक आहे म्हणाले," वायरमन म्हणाला. "थोडे दिवस लक्ष ठेवा."

"बरं झालं," बाई म्हणाल्या.

"पोरगं म्हणतंय, ही रोज घेते."

पंखा कुरकुरत राहिला. वायरमनने बटणकडे बघितलं. ती पाऊणच्या पाठीला पाठ लावून उंची मोजत होती.

तो खुर्चीत बसला. "अर्धी राहिलीय."

मामाने वस्तरा उचलला.

"ब्लेड?"

"नवं. प्रत्येकाला नवंच लावतो मी."

"मला दाखवून लावा."

मामाने कागद फाडला, ब्लेड दाखवलं, बसवलं. बसवताना पातं दोनदा निसटलं.

"हात थरथरतोय तुमचा."

"हो."

"थांबून करा मग. गळा माझा आहे."

मामाने दोन्ही हात गरम पाण्यात बुडवून ठेवले. वायरमन मान मागे टाकून बसून राहिला. या वेळी डोळे उघडे. आरशातून तो मामाला बघत होता, मामा आरशाकडे बघत नव्हता. दाढी झाली. कुठे कापलं नाही.

दारात तो थांबला. "बायकोला काही सांगितलं नाही मी," तो म्हणाला. "अजून."

पोराचा हात धरून तो निघून गेला.

बटण खुर्चीवर चढली. "मावशी, पाऊण जराही वाढला नाही. एका गोळीने होत नसेल ना?"

टेलरबाईंनी पिशवीच्या तळातली डबी काढून बटणच्या डबीशेजारी ठेवली. दोन्ही सारख्याच, दोन्ही मुक्या.

"तू पण घेतेस?" बटणने विचारलं. "तू तर उंचच आहेस."

बाईंनी दाराकडे बघितलं. ते उघडंच होतं. माणसं ये-जा करत होती.

"मामा, दार लावून घ्या," त्या म्हणाल्या. "बटण, ही गोळी उंचीची नाही."