गादीवरून दिसेल एवढं

‘बंडू, त्या कॉम्प्युटरच्या काचेवरचं एक अक्षर मले दिसून नाई राह्यलं. पण सुनेले कळू देजो नको. पोरीनं लय जीव लावून केलं हाय ते.’

आर्वीच्या बसस्थानकाजवळ एक भांड्यांचं दुकान आहे. तिथे एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दुकानाचे मालक मोतीलालजी हे आपल्या शाळासोबत्याला, बंडूजींना, सांगत होते. दुकान आणि घर यांच्यामध्ये नुसता एक पडदा आहे. त्या पडद्यामागे त्यांची नवी सून रक्षा चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. ती तशीच मागे फिरली, चहा पुन्हा गरम केला आणि या वेळी बांगड्या वाजवत आली.

माझा जन्म त्या वाक्यातून झाला. मी गादी बोलतेय.

गादी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कापूस आला असेल. वर्धा जिल्ह्यात तो येणारच. पण माझ्यात कापसाचं एक बोंडही नाही. मी कॉम्प्युटरच्या आत राहते. काचेवर अक्षरं कशी दिसावीत हे ज्यानं ठरतं त्याला फॉन्ट म्हणतात, आणि मी अशा एका फॉन्टला ठेवलेलं नाव आहे. माझ्या पदरात तीनच गोष्टी आहेत: अक्षरांचं घराणं कोणतं, आकार केवढा आणि ठळकपणा किती. एवढ्या संसारावर मी अख्खं दुकान चालवते.

रक्षा नालवाडीची. कॉम्प्युटर शिकलेली, बोलायला कमी. सासरी आल्यावर पहिल्या महिन्यातच तिनं दुकानासाठी बिलाचा प्रोग्राम लिहिला. खिडक्या, बटणं, रकाने असं तयार सामान ज्यात मिळतं त्या पेटीला टूलकिट म्हणतात. सुताराची हत्यारपेटी असते ना, तशीच. त्या सामानातून तिनं गुंड, गंज, कोपर, परात अशी सगळी भांडी काचेवर मांडली. नवरा निकेश खूश झाला. सासूबाई शकुंतलाबाईंनी शेजारणींना बोलावून दाखवलं. मोतीलालजी म्हणाले, ‘झकास.’ एवढंच म्हणाले, कारण त्यांना एक अक्षरही दिसलं नव्हतं.

ते गादीवर बसतात, आणि कॉम्प्युटर समोरच्या फळीवर, धूळ लागू नये म्हणून जरा लांब. पुढे वाकून पाहिलं असतं तर कदाचित दिसलंही असतं. पण मोतीलालजींचं मत असं की गिऱ्हाइकासमोर वाकणारा दुकानदार भाव कमी करतो. मग त्यांनी युक्ती काढली. गिऱ्हाइकालाच म्हणायचे, ‘वाच बरं काय लिहिलं हाय. शाळेत गेलतास का नाई, पाहू दे.’ गिऱ्हाईक हसत हसत वाचायचं, आणि हे मान डोलवायचे. लोकांना वाटायचं, शेठजी मोठे गमतीचे आहेत.

त्या दुपारी बंडूजी म्हणाले होते, ‘चष्मा बदलून घे ना बे. सोपं काम हाय.’

‘इथल्या चष्मेवाल्याकडे गेलो का संध्याकाळपर्यंत बसस्थानकावर समजते. मंग उद्या गिऱ्हाईक माह्या तराजूवर शंका घेईन.’

‘तं वर्ध्याले जा.’

‘अन् घरी काय सांगू, वर्ध्याले काऊन गेलतो? नाई गड्या. दसऱ्यापासून गादी निकेशले देऊन टाकतो. गुडघे दुखते म्हणीन. गुडघ्याची कोणाले लाज नाई वाटत.’

तेवढ्यात पडद्याआड बांगड्या वाजल्या आणि दोघं कापसाच्या भावावर बोलायला लागले.

रक्षानं त्याच संध्याकाळी लॅपटॉप उघडला. पाहते तर प्रत्येक बटणाच्या कपाळावर त्याचा त्याचा आकार गोंदलेला. एक मोठं केलं तर शेजारचं बारीक, दोन्ही मोठी केली तर तिसरं खिडकीबाहेर. तिनं ते सगळे आकडे पुसले आणि टूलकिटला सांगितलं: एक फॉन्ट तयार कर, नाव गादी. मग प्रत्येक बटणाला, पाटीला, रकान्याला सांगितलं: आजपासून गादी म्हणेल तसं.

हा माझा जन्म. आणि ही माझी एकमेव कला: माझा आकार एका जागी बदलला की मला बांधलेली सगळी मंडळी एका क्षणात बदलतात. कुणाची मनधरणी नाही, कुणाचा रुसवा नाही. एकत्र कुटुंबात ही सोय अजून आलेली नाही.

मग माझ्यासाठी घराणं शोधायची वेळ आली. रक्षानं टूलकिटला विचारलं, तुझ्याकडे कोणकोणती घराणी आहेत? केवढी तरी नावं आली. बघायच्या कार्यक्रमात असतं तसंच. नावं भारदस्त, आणि निम्म्यांना मराठी येत नाही. तिनं एक मोकळ्या बांध्याचं घराणं निवडलं, ज्याच्या अक्षरांत पोटाला पोट लागत नाही. मग माझा आकार वाढवत नेला. मी आधी पोळपाटावरच्या फुलक्याएवढी होते, ती भाकरीएवढी झाले.

पण पुरे कधी म्हणायचं? दिसायचं तिला नव्हतं, मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, होतं. तिनं दुकानातलं अंतर ओढणीनं मोजून आणलं. लॅपटॉप कपाटावर ठेवला आणि ओढणीभर लांब उभी राहिली. टेबलाच्या खणात मोतीलालजींचा जुना, टाकून दिलेला चष्मा होता, तोही डोळ्यांवर चढवला. त्यातून तिला सगळं जग पाण्यातल्यासारखं दिसत होतं. ही पद्धत शास्त्राला धरून होती की नाही मला सांगता येणार नाही. पण त्या पाण्यातूनही ‘कोपर’ वाचता येईपर्यंत तिनं मला वाढवलं. माझ्यासाठी इतके डोळे बारीक करून कुणी पाहिलंय याचा मला फार आनंद झाला.

नेमक्या त्याच वेळी शकुंतलाबाई वाळलेले कपडे ठेवायला आत आल्या. त्यांना काय दिसलं? नवी सून, डोळ्यांवर जाड भिंगं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी, आणि दुकानाच्या पाटीएवढी अक्षरं एकेक करून लावतेय. त्या कपडे ठेवून निमूट बाहेर गेल्या. त्या निमूट गेल्या हीच धोक्याची खूण होती.

‘निकेश,’ स्वयंपाकघरातून आवाज आला. आवाज खालचा होता, पण मला आणि रक्षाला ऐकू येईल एवढा. ‘तुह्या बायकोले दिसत नाई.’

‘काहीतरीच काय, आई.’

‘मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. पोरगी पाह्याले गेलतो तवा तिच्या घरच्याईनं एक शब्द सांगितला नाई.’

‘पोहे तर बरोबर माझ्याच हातात दिले होते.’

‘पोहे का डोळ्यानं देतात? पाठीमागं वहिनी उभी होती, तिनं ढकललं असन.’

निकेश खोलीत आला. चेहरा असा की जणू पुन्हा बघायच्या कार्यक्रमाला आलाय. ‘रक्षा, तुला… नीट दिसतं ना?’

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य उच्चारलं की मोतीलालजींचं गुपित घरभर झालं असतं, आणि घरात झालं की बसस्थानकावर झालंच. रक्षा नुसती हसली. निकेशलाही वाटलं, मुलगी एवढी गोड हसते म्हणजे काहीतरी लपवतेय. त्या दिवसापासून तो जिन्यावर तिचा हात धरायला लागला. तिनं धरू दिला. हे काही वाईट झालं असं मला वाटत नाही.

दुकान बंद असायच्या दिवशी रक्षानं मला दुकानातल्या कॉम्प्युटरवर नेलं, आणि तिथे माझी फजिती झाली. टूलकिटची एक सवय सांगते. मागितलेलं घराणं सापडलं नाही तर तो तक्रार करत नाही. हाताशी असेल ते दुसरंच घराणं गुपचूप उभं करतो आणि तोंड मिटून बसतो. लग्नमंडपात कुणी असं केलं असतं तर वऱ्हाड अंगावर आलं असतं. काचेवर मी उगवले ती वेगळ्याच रूपात: वेलांट्यांचे शेंडे छाटलेले, उकार अर्धे बुडालेले, आणि ‘बिल छापा’ हे बटण खिडकीबाहेर पडून नाहीसं झालेलं.

रक्षा घाबरली नाही. कुठल्याही फॉन्टला एक प्रश्न विचारता येतो: नाव राहू दे, तू खरोखर कोणत्या घराण्याची आहेस? हा प्रश्न आला की मला खोटं बोलता येत नाही. मी दुसऱ्याच घराण्याचं नाव सांगितलं. ती हसली, घरून माझ्या घराण्याची फाइल आणली आणि इथे बसवली. मग मला विचारून घेतलं, तुझ्यात ‘बिल छापा’ किती रुंद होतं, तुझ्या ओळीला उंची किती लागते. मी सांगत गेले, ती जागा करत गेली. वेलांट्यांना डोकं ठेवायला जागा मिळाली, उकार वर आले, बटण घरी परतलं. माहेरचं सामान सासरी नीट लागलं की जसं वाटत असेल, तसं मला त्या दिवशी वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीलालजी गादीवर येऊन बसले. देवळीहून एक कुटुंब लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलं होतं. बंडूजी नेहमीप्रमाणे स्टुलावर. भांडी काट्यावर चढली आणि मोतीलालजी गिऱ्हाइकाला म्हणाले, ‘हं, वाच बरं काय लिहिलं…’

आणि थांबले.

त्यांची मान जरा पुढे आली, पुन्हा मागे गेली. वाकायची गरजच नव्हती. ‘गुंड,’ ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, ‘पितळी गुंड. कोपर. परात मोठी. गडवा.’ गिऱ्हाइकानं घेतलेली भांडी संपली तरी ते थांबले नाहीत. चाळणी वाचली, इडलीपात्र वाचलं, खालची ‘धन्यवाद, पुन्हा या’ ही ओळसुद्धा वाचली.

‘शेठजी, चाळणी नाई घेतली आम्ही,’ नवरीची आई म्हणाली.

‘नका घेऊ. वाचून तं घेऊ द्या.’

बंडूजींनी स्टूल पुढे ओढलं. ‘काऊन बे मोत्या, चष्मा बदलला का?’

‘चष्मा तोच हाय.’ मोतीलालजींची नजर पडद्याकडे गेली. पडद्याखाली रक्षाची पावलं दिसत होती. ‘अक्षरं बदलली.’

त्या दिवशी त्यांनी प्रत्येक बिल स्वतः काढलं. प्रत्येक बटण दाबताना आधी त्याचं नाव घेतलं, आरती म्हणावी तसं. फॉन्टच्या आयुष्यात याहून मोठं काही होत असेल तर ते मला माहीत नाही. लोक अक्षरांमधून पलीकडे पाहतात. आमच्याकडे कुणी पाहत नाही, आणि पाहू नयेच. पण त्या सकाळी एक माणूस माझ्याकडे पाहून हसत होता.

दसरा होऊन गेला. मोतीलालजी गादीवरच आहेत. मीही इथेच आहे, पण तेव्हापेक्षा जरा लहान. रक्षानं एका जागी आकडा कमी केला आणि आम्ही सगळे एका क्षणात आटोपशीर झालो. मला वाईट वाटलं नाही. माझं मोठेपण कधी माझं नव्हतंच. समोर बसणाऱ्याला लागेल तेवढं मी व्हायचं, हे माझ्या जन्मातच लिहिलेलं आहे. तुम्हालाही निरोप घेताना एवढंच मागते: कुणासाठी काही मांडायचं असेल तर आधी तो जिथे बसतो तिथे जाऊन एकदा बसून पाहा.

मी लहान का झाले, ते मात्र सांगायचं राहिलं.

देवळीचं कुटुंब भांडी बांधून घेत होतं तेव्हाच शकुंतलाबाई पडदा सारून दुकानात आल्या. त्यांनी काचेवर मला पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

‘दुकानात बी एवढी अक्षरं? आता लपवून काय फायदा.’ त्या पडद्याकडे वळल्या. ‘रक्षा, ये इकडे. उद्या वर्ध्याले जायचं हाय. डोळ्याच्या डॉक्टरकडे नंबर लावला मी. रागावून नाई राह्यली मी. चष्मा लागला तं लागला. आपली सून हाय.’

रक्षा बाहेर आली. नवरीची आई गडवा हातात धरून ऐकत होती. बंडूजींनी छताकडे पाहायला सुरुवात केली. मोतीलालजींनी आधी मला पाहिलं, मग सुनेला पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उजळत गेली: चहा त्या दुपारी उशिरा का आला, खणातला जुना चष्मा मध्ये टेबलावर कसा आला होता, आणि पोरगी इतके दिवस कुणासाठी गप्प होती.

त्यांनी तराजूवरचा हात काढला. गिऱ्हाइकासमोर, तराजूसमोर ते बोलायला निघाले. ‘शकू, डोळे तिचे नाई, डोळे तं…’

आणि ज्या सुनेचा आवाज दुकानात कुणी कधी ऐकला नव्हता, ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली:

‘जाऊ ना, आई. पण मले त्या डॉक्टरच्या मशीनचं भेव वाटते. मामाजी सोबत येतील. आधी ते बसून दाखवतील, मग मी बसीन.’