ताटावरचा हक्क

"कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई दुसऱ्यांदा म्हणाल्या, कारण पहिल्या खेपेला वाइमोआना तेवढा एकच शब्द ऐकून थिजली होती. "पण त्याच वाटेवरचं आहे. गर्भाशयाचं अस्तर जाड झालंय. अंगात चरबी फार साठली की ती नुसती बसून राहत नाही, तीसुद्धा हार्मोन तयार करते. त्या हार्मोनवर हे अस्तर वाढत राहतं. पाळी चुकते, गर्भ राहत नाही. मी गोळ्या देते. सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा काढून तपासू. पण नुसत्या गोळ्यांवर विसंबू नका, खाणं बदला, वजन उतरवा. तेव्हा वाईट निघालं तर पिशवी काढायचा विचार करावा लागेल."

वाइमोआनाच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवरा, पेनिसिमानी, ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेला, नाताळाला यायचा होता. तोवर ती आईबापाकडे राहत होती. दवाखान्यात सोबतीला तिने आईला न आणता आत्याला, अकानेसीला आणलं होतं, आणि ते शहाणपणाचं केलं होतं.

"आईला सांगू नकोस," बसमध्ये वाइमोआना म्हणाली.

"तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायच्या आत तुझ्या सासूला कळेल."

"आणि बाबांना?"

अकानेसीने तिच्याकडे असं पाहिलं की पोरीने मान खाली घातली. वाइमोआनाचा बाप फेलेती हा अकानेसीचा सख्खा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली तरी बहीण घरात शिरली की तो उठून ओसरीवर जाऊन बसे. तिच्यासमोर त्याने कधी फालतू विनोद केला नव्हता, की उघड्या अंगाने फिरला नव्हता. भावाबहिणीने एकमेकांची अशी अदब राखायची, हे तोंगाच्या बेटांवर पोरांना चालायच्या आधी कळतं. त्या भावासमोर त्याच्या लेकीच्या गर्भाशयाची गोष्ट काढायची म्हणजे अकानेसीने स्वतःच्याच तोंडाला काळं फासल्यासारखं झालं असतं.

"गोळ्या मी घेईन गं," वाइमोआना म्हणाली. "पण खाण्याचं काय करू? मूल व्हावं म्हणून तर आई ताट भरते. शेजारणी डबे आणून देतात. थोरल्या माणसाने वाढलेलं नको कसं म्हणायचं? माझ्या जिभेवर तो शब्दच येत नाही."

"तू नको म्हणूच नकोस," अकानेसी म्हणाली. "मी हो म्हणेन."

वाइमोआनाला काही उमगलं नाही. अकानेसीचं मात्र बस वळणावर यायच्या आत सगळं ठरून गेलं होतं. सगळ्या बेटावर बापाच्या बहिणीला नाही म्हणणारा कोणी जन्मला नव्हता. लग्नात, मयतीत तीच मानाची. भाच्यांच्या हातातली वस्तू तिने मागितली की ती तिची. आजवर अकानेसीने हा मान भेटीच्या चटया आणि लग्नातल्या केकच्या वरच्या थरापुरता वापरला होता. आता तो तिला जरा नीट वापरायचा होता.

त्याच संध्याकाळी ती भावाकडे जेवायच्या वेळेला हजर झाली. फेलेती उठून ओसरीवर गेला. त्याची बायको मेलेनाइते लेकीसमोर ताट ठेवत होती. मेंढीच्या पोटाकडचे चरबीचे पट्टे, ज्यांना सगळे सिपी म्हणतात, शेजारी अळूच्या पानात नारळाच्या दाट दुधासह बांधून भाजलेलं डब्यातलं गोमांस, आणि वर टॅरोचे, म्हणजे अळूच्या कंदाचे, ढीगभर तुकडे.

अकानेसीने हात पुढे केला. "हे मला दे."

"वन्सं, तुमचं वेगळं वाढतेच आहे की!"

"मला हेच हवं. तिच्या पुढ्यातलं."

मेलेनाइतेने एकदा नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलली नाही. ताट सरकलं. अकानेसीने ते केळीच्या पानात पालथं करून बांधलं, आणि आपल्या टोपलीतून उकडलेली कच्ची केळी, भाजलेला मासा आणि नुसत्या पाण्यात शिजवलेला अळू काढून भाचीसमोर मांडला.

"आत्याने दिलेलं नाकारायचं नसतं. खा."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. रविवारी चर्चमधून आल्यावर जमिनीतली भट्टी उघडली, घरभर वास सुटला, आणि पोरीच्या वाट्याचं पान उचलायला अकानेसी दारात उभी. शेजारणींनी पाठवलेले डबेसुद्धा तिने सोडले नाहीत. शेवटी व्हायचं तेच झालं. बायका जिथे चटया विणायला बसतात तिथे जाऊन मेलेनाइतेने मनातलं सगळं ओकून टाकलं.

"म्हातारपणी हावरी झालीये," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या तोंडचा घास काढते. पोरीला दिवस राहावेत म्हणून मी जीव टाकते, आणि ही बया ताटं पळवते!"

त्यानंतर अकानेसी विणायला आली की बायकांना जोर चढायचा.

"काय अकानेसी, काल भावाकडे काय होतं?"

"सिपी. बोटभर चरबी होती."

"आणि तू सगळं खाल्लंस?"

"पान चाटून पुसून."

"मग वाळत कशी चाललीस? पोटात जंत झालेत का?"

"तुमची नजर लागली, दुसरं काय," अकानेसी म्हणायची आणि विणायची पट्टी घट्ट ओढायची. आत मात्र तिला लागत होतं. या बायकांच्या पोरींची लग्नं तिने उभं राहून लावली होती. तिच्या वाट्याचा केक तिने त्यांच्याच नातवंडांना वाटला होता. आता त्याच तिला हावरी म्हणत होत्या, आणि एका वाक्यात त्यांची तोंडं बंद करता येत असून तिला ते वाक्य बोलता येत नव्हतं.

खरं सांगायचं तर सिपी अकानेसीचा जीव की प्राण होती. घरी परतताना काखेतलं पान गरम असायचं आणि त्याच्या वासाने तिला वाटेतच बसून खावंसं वाटायचं. पण पोरीला अडवायचं आणि आपण गिळायचं, हे तिला जमणारं नव्हतं. अंगणातल्या फणसासारख्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली तिचा फाटक्या कानाचा काळा डुक्कर वाट बघत असायचा. ती पान त्याच्यासमोर उलटं करायची.

"खा मेल्या. तू तरी सुखी राहा."

पहाटे ती भाचीला उठवून खाडीच्या कडेने चालायला न्यायची.

"आत्या, गुडघे दुखतात."

"तोंड दुखत नाही ना? मग चल."

असं होत होत दोन महिने गेले. वाइमोआनाचं वजन जरा उतरलं. मग अकानेसीला दूरच्या बेटावर एका मयतीला जावं लागलं. परत आली तेव्हा वाइमोआना मागच्या अंगणात उकिडवी बसली होती, हातात गोमांसाचा रिकामा डबा, ओठाला तूप लागावं तशी चरबी लागलेली.

"रोज खाल्लं," ती म्हणाली. "आईने वाढलं, मी खाल्लं. नाही वाढलं तेव्हा चोरून खाल्लं. मला नाही जमत, आत्या. काढून टाकू देत ती पिशवी. सुटेन तरी एकदाची."

अकानेसीला भीती वाटली. बसमध्येही वाटली नव्हती इतकी. तिला स्वतःचं मूल नव्हतं. ही पोर जन्मली तेव्हा पहिलं कापड तिने गुंडाळलं होतं, नावही तिनेच ठेवलं होतं. ती धपकन भाचीशेजारी मातीत बसली आणि तिच्या हातातला डबा काढून घेतला, ताट घ्यायची तसाच.

"काढायची वेळ आली तर डॉक्टर काढतील," ती म्हणाली. "मी त्यांना अडवणार नाही, तुझ्या जिवापुढे पिशवीचं काय घेऊन बसलीस! पण अजून वेळ आहे. चार डबे खाल्लेस म्हणून वेळ संपत नाही. ऊठ. तोंड धू."

"तुला गाव हावरी म्हणतं."

"म्हणू दे. तू उठतेस की मी तुला ओढू?"

वाइमोआना उठली.

त्याच आठवड्यात फेलेती बहिणीच्या अंगणात आला. खांद्यावर गोठवलेल्या सिपीचं खोकं आणि हातात गोमांसाच्या डब्यांची पिशवी. घरात तो आला नाही. झाडाखाली उभा राहिला, नजर जमिनीवर.

"ताई, माझं चुकलं," तो म्हणाला. "तू माझ्या घरी येऊन ताट मागतेस, आणि तुझ्या घरात काही आहे की नाही हे मी विचारलं नाही. माझी बहीण उपाशी राहते, असं लोक म्हणतात. मला तोंड दाखवायला जागा नाही. आजपासून तुझ्या चुलीला काही कमी पडू देणार नाही."

एवढ्या सरळ माणसाला काय सांगायचं? अकानेसी दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली.

तेवढ्यात फाटक्या कानाचा डुक्कर खोक्याच्या वासाने डुलत डुलत आला. फेलेतीने मान वर केली. त्याचा सगळा जन्म डुकरं पाळण्यात गेला होता. त्याने डुकराची पाठ पाहिली, मान पाहिली, लोंबणारं पोट पाहिलं. मग झाडाखाली विखुरलेली केळीची पानं पाहिली, चाटून वाळलेली. मग चौकटीतली बहीण पाहिली, जिची रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेली चटई आता दोन वेढे जास्त घेत होती.

त्याने खांद्यावरचं खोकं खाली ठेवलं.

"म्हणजे पोरीलाच काही...?" तो म्हणाला, आणि अर्ध्यावरच थांबला. पुढचा प्रश्न भावाने बहिणीला विचारायचा नव्हता. त्याने तो गिळला आणि दुसरा शोधून काढला. "किती दिवस लागतील, ताई?"

"नाताळापर्यंत."

"तुला माझ्याकडून काय हवंय? माग."

"मासे," अकानेसी म्हणाली. "आणि तुझ्या मळ्यातला भाजीपाला, लागेल तेवढा."

फेलेतीने खोकं पुन्हा खांद्यावर घेतलं. त्याच रात्रीच्या जेवणाला तो बायकोला म्हणाला, "यापुढे सिपी नको आणूस. माझ्या दातांना सोसत नाही."

"तुमच्या दातांना? नारळ सोलता त्या दातांनी!"

"नाही सोसत म्हणतो ना."

दर शनिवारी तो भरतीचं पाणी ओसरलं की खडकांवर जाऊन मासे मारू लागला. अकानेसी ताट न्यायला येतच राहिली. आता ते ताट हलकं असे, पण मेलेनाइतेचा हात अधूनमधून घसरायचाच, आणि डुकराची सवय मोडलेली नव्हती.

डिसेंबरात तपासणीचा निकाल ऐकायला दोघी पुन्हा दवाखान्याच्या बाकावर बसल्या. अकानेसीने प्रार्थना सुरू केली आणि मध्येच विसरली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

"अस्तर पूर्ववत झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्यांनी काम केलं, आणि तुमच्या ताटानेही हात दिला असणार. आता बेफिकीर होऊ नका. ठरल्या वेळी तपासणीला यायचं, आणि खाणं हेच ठेवायचं. मुलाचा विचार करायला हरकत नाही."

वाइमोआना रडली. अकानेसी रडली नाही. तिने डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात धरले आणि इतके जोरात दाबले की त्या ओरडल्या.

आता एकच काम उरलं होतं, भावाला कळवायचं. पण सांगायचं कुठल्या तोंडाने? सहा महिने जो शब्द दोघांमध्ये आला नाही, तो आताही येणार नव्हता.

नव्या वर्षाच्या प्रार्थना-सप्ताहात जेवण घालायची पाळी फेलेतीच्या घराची होती. मांडव पडला, पाद्रीसाहेब आले, पेनिसिमानी नव्या शर्टात लेकराएवढा लाजत बायकोशेजारी बसला. मानाच्या टोकाला अकानेसी. मधोमध अख्खा भाजलेला डुक्कर, त्या आठवड्यातला सगळ्यांत मोठा. एक कान फाटका. सकाळीच अकानेसीने तो दोरीला बांधून भावाकडे पाठवला होता.

फेलेती स्वतः वाढत होता. त्याने एक ताट भरलं, यॅम, मासा, अळू आणि त्या डुकराच्या मांसाचा एक तुकडा, आणि लेकीसमोर ठेवलं. ठेवून तो तिथेच उभा राहिला. बहिणीकडे त्याने पाहिलं नाही.

बायकांनी कोपरांनी एकमेकींना ढोसलं. आता म्हातारी हात घालणार.

अकानेसीने हात लांब केला. मांसावरची जाड चरबी तिने बोटांनी वेगळी काढून आपल्या पानावर ठेवली. मग ताट भाचीकडे सरकवलं.

"खा, पोरी," ती म्हणाली. "हे तुझं."

आज पहिल्यांदाच तिने पोरीचं ताट नेलं नाही, आणि फेलेतीला कळायचं ते कळलं. त्याचा हात ताटाच्या कडेजवळ तसाच राहिला होता. मग तो सावकाश सरळ झाला. यजमानाने बोलायची वेळ होती, आणि तो बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

"पाद्रीसाहेब, मंडळी, देवाचे आभार. माझ्या मळ्याचे, माझ्या समुद्राचे आभार." तो थांबला. "आणि हा डुक्कर माझ्या बहिणीने पोसला. कशावर पोसला, विचारा. माझ्या घरच्या ताटांवर. जी ताटं तिने खाल्ली असं सगळ्यांनी म्हटलं, मीही मानलं, त्यातला एक घास तिने तोंडात घातला नाही. का, ते मी विचारलं नाही. विचारणार नाही. तुम्हीही विचारू नका."

विणायला बसणाऱ्या बायका आपापल्या पानांकडे पाहत राहिल्या. मेलेनाइतेने आधी डुकराकडे पाहिलं, मग लेकीच्या बारीक झालेल्या खांद्यांकडे, मग नणंदेकडे. ती उठली, भरल्या डोळ्यांनी परात घेऊन आली आणि अकानेसीच्या पानावर मांसाचे तुकडे रचत सुटली.

"बस, बस!" अकानेसी ओरडली. "वेडी झालीस का? एवढं कोण खाणार?"

"तुम्ही, वन्सं," मेलेनाइते म्हणाली. "आज तुम्ही. आणि मी इथेच बसून बघणार आहे."

अकानेसीने एक तुकडा उचलला. सहा महिन्यांनी तोंडात घातला, आणि मग तिला रडू आलं.