एका केंडाचे न थांबणारे दात

मित्रांनो, मी एक जुना केंड आहे, म्हणजे फुगणारा मासा. एका जागी थांबून मला बोलता येत नाही, म्हणून मी या काचेच्या कडेने फिरत फिरत सांगतो. तुम्ही मान वळवत वळवत ऐका.

केंड म्हणजे कोण, हे रत्नागिरीच्या बंदरावर कुणालाही विचारा. आधी शिवी मिळेल, मग उत्तर. आम्ही जाळी कुरतडतो. जाळ्यात सापडलेली मासळी अर्धी खाऊन ठेवतो. आमच्या अंगात विष असतं, म्हणून आम्हाला कुणी शिजवतही नाही. घाबरलो की भराभर पाणी पिऊन आम्ही चेंडूसारखे फुगतो, आणि हे पाहून लहान मुलं तेवढी हसतात. बाकी आमच्याकडे पाहून हसणारं कुणी नाही.

माझं लहानपण भाट्याच्या खाडीत गेलं, कांदळवनाच्या मुळांमध्ये. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी तिथे एकमेकांत मिसळतं. त्या पाण्याला मचूळ म्हणतात. ते कधी स्थिर नसतं. भरती आली की आम्ही मुळांत शिरायचं, ओहोटी लागली की मागे सरायचं. आत, बाहेर. आत, बाहेर. आणि या येण्याजाण्यात सगळा वेळ दातांना काम. मुळांना चिकटलेली कालवं फोडायची, शंख फोडायचे, खेकड्याची पिल्लं कवचासकट चावायची. मला चारच दात आहेत, दोन वर, दोन खाली, पोपटाच्या चोचीसारखे. पण ते जन्मभर वाढत राहतात. कठीण खाल्लं की झिजतात, म्हणून तोंडात मावतात. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एका सकाळी फारुक नावाच्या मच्छीमाराने खाडीत पाग टाकला. ते गोल फेकायचं जाळं वर आलं, तेव्हा त्यात बोयट माशांबरोबर मीही होतो, टम्म फुगलेला.

"मेला केंड!" फारुक म्हणाला आणि त्याने मला वाळूवर भिरकावलं.

त्याची मुलगी इकरा तिथेच बालदी धरून उभी होती. तिने मला उचललं नाही. तिने बालदी आडवी केली आणि पाण्याबरोबर मला आत घेतलं.

"अब्बा, हा माझा."

"अगो, लोक पोपट पाळतात, मांजर पाळतात. केंड कोण पाळतं? बंदरावर तोंड दाखवायला जागा राहायची नाय मला!"

"मग सांगू नका ना बंदरावर."

अशा रीतीने मी राजिवड्यातल्या त्यांच्या घरी आलो. आधीच्या रंगीत माशांची एक रिकामी काचेची टाकी तिथे होती. इकराने ती विहिरीच्या पाण्याने भरली. त्या गोड्या पाण्यात माझं अंग जड झालं, डोळे फिरले. मग तिने टाकी विकणाऱ्या नितेशच्या दुकानात जाऊन विचारलं. "खाडीतला मासा ना? मग पाणी खाडीचंच लागेल," तो म्हणाला. फारुक कुरकुरत कॅन घेऊन गेला. पाणी भरण्याआधी त्याने बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाला, "आमटीपेक्षा खारट, समुद्रापेक्षा अळणी. चालेल ह्याला." तेव्हापासून तोच माझं पाणी आणतो. शिव्या देतो, पण विसरत नाही.

आता हफीजाफुफीबद्दल सांगतो. ती फारुकची थोरली बहीण. स्वयंपाकघर तिचं, आणि घरातल्या प्रत्येकाचं पोटही तिचंच. ती माशातला काटा काढून देते, आंब्याची साल काढून देते. इकराने तोवर कुर्लीची, म्हणजे मोठ्या खेकड्याची, नांगी स्वतः कधी फोडली नव्हती. फुफी नांगी फोडायची, आतलं पांढरं मांस बोटाने काढायची आणि इकराच्या ताटात कडेला छोटासा ढीग रचायची.

मला पाहताच ती म्हणाली, "केवढंसं तोंड बिचाऱ्याचं! ह्याला सोलून घालायला हवं."

आणि ती सोलू लागली. कोलंबी सोलून, धागा काढून, बारीक तुकडे करून. मऊ, गोड. खरं सांगतो, मला फार आवडली. फुफी दिसली की मी पाण्यावर येऊन तोंडातून चूळ उडवायचो. ती पदराने तोंड पुसायची आणि गल्लीभर सांगायची, "ओळखतो हो मला!" शेजारची माणसं मला पाहायला येऊ लागली. फारुकही पाहुण्यांना म्हणू लागला, "आमचा केंड बघितलात?"

पण मित्रांनो, माझ्या अंगातली भरती काही गेली नव्हती. टाकीतलं पाणी कुठे जात नव्हतं, येत नव्हतं. मी मात्र भरतीच्या वेळी काचेवर वर, ओहोटीच्या वेळी खाली. वर, खाली.

"बघा, नाचतो!" लोक म्हणायचे.

मी नाचत नव्हतो. त्यातच माझे दात शिवशिवायला लागले. मी पाण्याची नळी चावली, तळातला दगड चावला, काच खरवडली. तो आवाज ऐकून फुफी धावत यायची. "भूक लागली वाटतं बाळाला!" आणि आणखी कोलंबी सोलायची. मी जितका तळमळायचो, तितका माझा घास मऊ होत जायचा.

असं करता करता माझं तोंड मिटेनासं झालं. वरचे दात खालच्यांवर चढले. कोलंबीचा तुकडा समोर यायचा, मी झडप घालायचो आणि तो तसाच खाली पडायचा. समोर खाणं, पोटात काही नाही. चूळ उडवायचंही त्राण राहिलं नाही.

"ह्याला कंटाळा आला असेल," फारुक म्हणाला. "सोडतो खाडीत. तिकडे बरा होईल."

मला ओरडून सांगायचं होतं की आता नको. या न मिटणाऱ्या तोंडाने मी खाडीतही उपाशीच मेलो असतो. पण आम्हाला आवाज नसतो. मी फक्त काचेला तोंड लावून राहिलो. त्यामुळेच इकराला ते दिसलं.

"फुफी, ह्याचे दात बघ गो! वाढलेत!"

"दात कधी वाढतात होय? नखं आहेत का ती?"

इकराने नितेशला बोलावून आणलं. त्याने वाकून पाहिलं.

"खायला काय घालता?"

"सोललेली कोलंबी," फुफी अभिमानाने म्हणाली. "माझ्या हाताने सोलते, रोज."

"फुफी, तिथेच चुकलं. ह्याला कवच लागतं. फोडलं नाय तर दात झिजणार कसे?"

फुफीने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "सोलून दिलं, ते चुकलं?"

नितेशने एका भांड्यात टाकीचं पाणी घेऊन त्यात लवंगेच्या तेलाचा थेंब घातला. मला त्यात सोडल्यावर गुंगी आली. फारुकने मला ओल्या फडक्यात धरलं आणि नितेशने बारीक कात्रीने दातांची टोकं कापली. हे काम जाणत्या माणसाचंच आहे, मुलांनो, तुम्ही कुणी करू नका. शुद्धीवर आलो तेव्हा फारुकचा हात पाण्यात होता आणि तो म्हणत होता, "हल रे. हल की मेल्या."

मी हललो.

दुसऱ्या दिवशी फुफीने बाजारातून खुबे आणले, चांगले बंद शिंपल्यांचे. टाकीपाशी आली, पण हात सवयीने विळीकडे गेला.

"फुफी!" इकरा ओरडली.

फुफीने खुबा तसाच पाण्यात टाकला आणि पदराचं टोक पिळत उभी राहिली. मी खुब्याभोवती फिरलो. दात दुखत होते. पकड घेतली, सुटली. पुन्हा घेतली.

कट्!

"या अल्ला," फुफी म्हणाली, "फोडलान की गो!"

त्या दुपारी जेवणात कुर्ल्या होत्या. फुफीने नेहमीप्रमाणे नांगी उचलली. इकराने ती तिच्या हातातून घेतली.

"दे, मी दातांनी फोडते."

"ओठ कापेल."

"कापू दे."

कालवण इकराच्या कोपरापर्यंत ओघळलं. नांगी दोनदा ताटाबाहेर उडाली. फुफीचे हात मांडीवर माझ्यासारखेच तळमळत होते, वर, खाली, वर, खाली. शेवटी तिने ते स्वतःखाली दाबले आणि त्यांच्यावर बसून राहिली. मग ताटाकडून आवाज आला, कट्! फारुक हसू लागला. "घरात आता दोन केंड झाले," तो म्हणाला.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो. मला खुबे मिळतात, मचूळ पाणी मिळतं, माया तर आहेच. तरीही भरती आली की मी काचेवर वर जातो. ही खाडी माझ्यातून जाणार नाही, आणि जमलं तर आम्हाला खाडीतच राहू द्या. पण कुणाला घरी आणलंतच, मग तो मासा असो, पाखरू असो, तर त्याला गोड घास भरवण्याआधी एवढंच शोधून काढा, की तो तिकडे दिवसभर काय करत होता. आणि तेवढं त्याच्यासाठी ठेवा.

थांबा. फुफी आली. तिच्या मुठीत खुबा आहे, आणि तो बंद आहे.