न बांधलेल्या घराची सावली

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे, कपडे वाळत घालायचा. मेलबर्नच्या एका उपनगरात, वासिलिकी आजींच्या परसात माझं सारं आयुष्य गेलं. डोक्यावर चार लोखंडी हात, हातांना तारा; वारा आला की मी गरगर फिरतो. एका पत्र्याच्या शेडमध्ये मला घडवलं आणि ग्रीसहून नव्याने आलेल्या स्टाथिसने मला इथे सिमेंटमध्ये पक्कं रोवलं. त्याच्या तरण्या बायकोला माझा कोण अभिमान! माझ्यावरचे शुभ्र कपडे पाहून शेजारणी आपले कपडे लवकर काढून घेत. पुढे स्टाथिस गेला, मुलांनी कपडे वाळवायचं यंत्र आणून दिलं आणि माझ्या सांध्यांवर गंज चढला.

तरी हिवाळ्यात आजी माझ्याजवळ खुर्ची टाकून बसतच. आमच्याकडे जूनमध्ये थंडी असते आणि सूर्य उत्तरेच्या बाजूने, खालून खालून जातो. दुपारचं तेवढं ऊन मिळालं की त्यांचे गुडघे संध्याकाळपर्यंत कुरकुरत नसत.

मग उत्तरेकडचं शेजारघर विकलं गेलं. त्याच्या कुंपणावर पिवळा फलक लागला. तिथे दोन रांगांत, भिंतीला भिंत लागून, आठ तीनमजली घरं होणार होती. कुणाची हरकत असेल तर नगरपालिकेला कळवायचं होतं. आजींनी कळवलं. उत्तर आलं की सावली नियमात बसते. ते खोटं नव्हतं. नियम सप्टेंबरची सावली मोजतो, तेव्हा सूर्य बराच वर आलेला असतो. गुडघे मात्र जूनमध्ये दुखतात.

दुसऱ्या बाजूच्या घरात केल नावाचा शेजारी राहतो. इमारतींना परांच्या बांधण्यात त्याची हयात गेली. तो म्हणाला, "कागदावर भांडून काही व्हायचं नाही, वासो. नगरपालिकेचे सभासद जागा बघायला येतील ना, तेव्हा त्यांना घरच दाखवू."

ते यायच्या दिवशी, ऐन जूनमध्ये, त्याने कुंपणालगत परांची उभारली, थेट तिसऱ्या मजल्याच्या उंचीपर्यंत. तिच्यावर सोडायला गल्लीतल्या घराघरांतून चादरी आल्या, तरी वरचा मजला उघडाच राहिला. तेव्हा आजींनी हुंड्याची पेटी उघडली. आईने मागावर विणलेल्या, लग्नापासून घडीही न मोडलेल्या चादरी होत्या त्या. मीसुद्धा त्या कधी पाहिल्या नव्हत्या.

"ह्यांना चिखल लागला ना केल, तर तुझ्याकडूनच धुऊन घेईन," आजींनी बजावलं.

"धुईन की. पण वाळत कुठे घालायच्या, ते आज ठरतंय."

दुपारी सभासद आले, घरांचा आराखडा करणारी जोॲन फेनेकही आली. केलने दोऱ्या सोडल्या. खालच्या मजल्याच्या चादरी उलगडल्या; सावली कुंपणापासून थोडीच पुढे आली. मधल्या मजल्याच्या उलगडल्या. ती कोबीच्या वाफ्यांवर आली. शेवटी हुंड्याच्या चादरी सुटल्या आणि सगळं परस एकदम विझलं.

मित्रांनो, मी थक्क झालो. जे घर अजून जन्मालाच आलं नव्हतं, त्याची सावली खरीखुरी होती आणि गार होती. माझ्या तारा बघता बघता थंड पडल्या. जोॲनने नकळत कोटाची बटणं लावली.

सभासदांच्या अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं, "आजी, तुम्ही रोज इथेच बसता?"

"ऊन असेल तोवर," आजी म्हणाल्या.

त्या संध्याकाळच्या सभेत परवानगी मिळाली, पण कुंपणाकडच्या रांगेचा वरचा मजला काढायचा, या अटीवर. जोॲनने तिथल्या तिथे मान्य केलं म्हणे. केल ही बातमी घेऊन उड्या मारतच आला. आजी मात्र खुर्चीत बसून कुंपणापलीकडे पाहत होत्या.

"आपल्याला ऊन मिळालं रे," त्या म्हणाल्या, "पण तेवढ्या खोल्या कुणाच्या तरी गेल्या."

आता ती घरं उभी आहेत. कुंपणालगतच्या घरात लोसा नावाची परिचारिका राहते. तिची तिन्ही मुलं एकाच खोलीत झोपतात आणि कपडे वाळवायला तिला अंगण नाही. हे कळलं त्याच दिवशी आजींनी केलकडून कुंपणाच्या दोन फळ्या काढवल्या. तेव्हापासून लोसा ओल्या कपड्यांची टोपली घेऊन त्या फटीतून येते. तिच्या घराला वरचा मजला नाही. तो ऊन होऊन माझ्या तारांवर पसरलेला असतो आणि त्यात तिच्या मुलांचे सदरे वाळतात. इतकी वर्षं उन्हात उभा आहे मी, पण हे पाहून अजून माझं फिरणं थांबतं.

मित्रांनो, घरं जरूर बांधा, माणसांना ती हवीच आहेत. फक्त बांधण्याआधी एकदा कुंपणापलीकडे जाऊन उभे राहा.